एआरपी टेबल स्वच्छ दिसलं म्हणजे वायफाय खरं आहे असं नाही

पब्लिक वायफायबद्दल एक सल्ला सगळीकडे फिरत असतो. लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडा, 'एआरपी -ए' (arp -a) टाका, म्हणजे एआरपी टेबल दिसेल, कुठला आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) कुठल्या मॅक ॲड्रेसचा (डिव्हाइसच्या नेटवर्क कार्डाचा क्रमांक) याची यादी, त्यात दोन आयपींसमोर एकच मॅक ॲड्रेस दिसला तर कोणीतरी मध्ये बसलाय, नाही दिसला तर बिनधास्त वापरा. पहिला अर्धा भाग बऱ्यापैकी बरोबर आहे, पण ते शेवटचं "बिनधास्त वापरा" साफ चूक आहे. चूक होते कारण एआरपी स्पूफिंग आणि खोटा हॉटस्पॉट, म्हणजे ज्याला इव्हिल ट्विन म्हणतात तो, या दोन वेगळ्या गोष्टी लोक एकाच माळेत ओवतात.

एआरपी स्पूफिंग बहुतेकांना माहीत असतं म्हणून पटकन सांगतो. एआरपी हा १९८२ चा प्रोटोकॉल आहे, म्हणजे मशीन्सनी आपसात बोलायचा नियम, आरएफसी ८२६ या दस्तऐवजात लिहिलेला. "हा आयपी कोणाचा?" असं विचारायचं आणि जो उत्तर देईल त्याचं खरं मानायचं, पडताळणी शून्य, वर न विचारता आलेलं उत्तरसुद्धा बरीच मशीन्स मुकाट लिहून घेतात. मग त्याच वायफायवरचा एखादा लॅपटॉप तुम्हाला सांगतो की गेटवे (इंटरनेटकडे जायचं दार, सहसा राउटर) मीच आणि गेटवेला सांगतो की हा माणूस मीच, आणि ट्रॅफिक त्याच्यामार्गे फिरायला लागतं. इथे नेटवर्क खरं आहे, राउटरही खरा आहे, फक्त मध्ये एक लबाड घुसलाय.

इव्हिल ट्विनमध्ये नेटवर्कच खोटं असतं. स्टेशनच्या किंवा कॅफेच्या वायफायचं नाव कोणीही आपल्या डिव्हाइसला देऊ शकतो, आणि पासवर्ड भिंतीवर चिकटवलेला असेल तर तोही तसाच ठेवू शकतो. तुमचा फोन नाव आणि सिक्युरिटीचा प्रकार बघून जोडला जातो.

आता खरी गोम. इव्हिल ट्विनवर 'एआरपी -ए' मारलंत तर काय दिसेल? गेटवेचा एक आयपी, त्यासमोर एक मॅक, डुप्लिकेट काही नाही, तासाभराने बघा तरी तोच मॅक. म्हणजे टेबल एकदम स्वच्छ, कारण तिथे कोणी कोणाचं सोंग घेतलेलंच नाहीये, हल्लेखोर हाच त्या नेटवर्कचा अधिकृत गेटवे आहे, तुम्हाला आयपीसुद्धा त्यानेच दिलाय. एआरपीला खोटं बोलायची गरजच पडली नाही तर एआरपीमध्ये खोटं सापडणार कुठून? त्यामुळे ही कमांड फक्त एकाच प्रश्नाचं उत्तर देते, की या नेटवर्कवर गेटवेचा मॅक कोणी बदललाय का. हे नेटवर्क खरं कोणाचं आहे हे तिला माहीत नसतं आणि कधीच नव्हतं.

आणि त्या एका प्रश्नाचं उत्तरही ती अर्धवट देते. दोन आयपींना एकच मॅक दिसायला हल्लेखोराचा स्वतःचा आयपीही तुमच्या टेबलमध्ये असावा लागतो आणि तो असेलच असं नाही. शिवाय त्याने फक्त गेटवेलाच फसवलं असेल तर तुमच्याकडे येणारं ट्रॅफिक त्याच्यातून जातं पण तुमचं टेबल जसंच्या तसं. म्हणून मी डुप्लिकेट शोधत बसत नाही. जोडल्या जोडल्या गेटवेचा मॅक लिहून ठेवायचा आणि नंतर ताडून बघायचा, हे जास्त भरवशाचं. त्याहून चांगलं म्हणजे नेटवर्कवरचं ट्रॅफिक दाखवणाऱ्या वायरशार्क या प्रोग्राममध्ये 'एआरपी' (arp) एवढाच फिल्टर लावून दोन मिनिटं बघत राहा. कोणी विचारलेलं नसताना "गेटवे इथे आहे" असं उत्तर एकसारखं येत असेल (एआरपीस्पूफ हे जुनं टूल दर दोन सेकंदांनी पाठवतं) तर तो बहुधा नॉर्मल राउटर नाही. एकाच आयपीवर दोन मॅक हक्क सांगताना दिसले तर वायरशार्क डुप्लिकेट आयपीची वॉर्निंगही देतो.

डोकं फिरवणारा दुसरा गोंधळ म्हणजे बीएसएसआयडी (वायफायचा सिग्नल देणाऱ्या ॲक्सेस पॉइंटचा मॅक) आणि गेटवेचा मॅक एकच समजणं. एअरपोर्टवर चालत चालत पुढच्या गेटला गेलात की फोन जवळचा ॲक्सेस पॉइंट धरतो आणि बीएसएसआयडी बदलतो, तो बदलायलाच हवा, आणि त्याचा स्क्रीनशॉट काढून "मॅक बदलला, माझ्यावर हल्ला झाला" म्हणून घबराट पसरवायची काहीच गरज नाही. गेटवेचा मॅक वेगळा, तो 'एआरपी -ए' मध्ये दिसतो, आणि त्याच सबनेटमध्ये (नेटवर्कच्या त्याच भागात) फिरताना तो सहसा तोच राहतो.

उलटा खोटा अलार्मही आहे. काही पब्लिक नेटवर्कवर गेटवे मुद्दामच सगळ्यांच्या वतीने एआरपीला उत्तर देतो, याला लोकल प्रॉक्सी एआरपी म्हणतात, आणि मग टेबलमध्ये प्रत्येक आयपीसमोर गेटवेचाच मॅक दिसतो. ते सेटिंग आहे, हल्ला नाही. फरक असा की इथे गेटवेचा मॅक पहिल्यापासून तोच असतो, बाकीचे आयपी त्याच्याकडे बोट दाखवतात. स्पूफिंगमध्ये गेटवेचा आयपी दुसऱ्याच कोणाच्या मॅककडे वळलेला असतो.

मग इव्हिल ट्विन ओळखायचा कसा? आधी गेटवेचा आयपी बघा. १७२.२०.१०.१ असेल तर तुम्ही कोणाच्या तरी आयफोनच्या हॉटस्पॉटवर आहात. १९२.१६८.१३७.१ म्हणजे बहुधा विंडोज लॅपटॉपचा हॉटस्पॉट. १७२.१६.४२.१ हा वायफाय पाइनॲपल या खास अशा कामाच्या डिव्हाइसचा डीफॉल्ट. मॉलच्या "फ्री वायफाय"वर यातलं काही दिसलं तर लगेच तोडा. अर्थात हे आयपी बदलता येतात, त्यामुळे दिसलं तर पुरावा, न दिसलं तर काहीच सिद्ध होत नाही. नाव तेच पण नेहमी पासवर्ड मागणारं नेटवर्क आज ओपन दिसतंय, ही दुसरी खूण.

आणि पोर्टल, म्हणजे वायफायला जोडल्यावर उघडणारं लॉगिनचं पान, नीट बघा, माझ्या मते सगळ्यात जास्त लक्ष इथेच द्यायला हवं. जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलला सुरू झालेलं रेल्वेचं वायफाय मोबाईल नंबर आणि ओटीपी मागतं, ते तुमच्या जीमेलचा किंवा इन्स्टाचा पासवर्ड का मागेल? ओटीपीचा एसएमएस आला की तो कोणाकडून आणि कशासाठी आलाय ते पूर्ण वाचा, कारण खोटं पोर्टल तुमचा नंबर भलत्याच सर्व्हिसच्या लॉगिनमध्ये टाकून त्याचा ओटीपी तुमच्याकडूनच भरून घेऊ शकतं. २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियन फेडरल पोलिसांनी एका माणसावर पर्थ, मेलबर्न, ॲडलेडची विमानतळं आणि देशांतर्गत विमानं इथे असेच हॉटस्पॉट लावल्याचे आरोप ठेवले, त्याची पानं ईमेल किंवा सोशल मीडियाचं लॉगिन मागायची. संशय आला तो विमान कंपनीच्या कर्मचाऱ्यांना, फ्लाइटमध्ये एक विचित्र वायफाय दिसलं म्हणून.

बाकीचे फरक छोटे आहेत. क्लायंट आयसोलेशन (एकाच वायफायवरच्या डिव्हाइसना एकमेकांशी बोलू न देणारं सेटिंग) चालू असलं की एआरपी स्पूफिंग बहुतेक वेळा अडतं, इव्हिल ट्विनला त्याने काहीही फरक पडत नाही. एचटीटीपीएस, म्हणजे वेबसाइटशी होणारं एन्क्रिप्टेड बोलणं, दोघांनाही फोडता येत नाही, म्हणून सर्टिफिकेटची वॉर्निंग आली तर "तरीही पुढे जा" कधीही दाबू नका. व्हीपीएन (सगळं ट्रॅफिक एन्क्रिप्ट करून नेणारी सेवा) दोन्हीकडे उपयोगी, पण तो सुरू होतो पोर्टल पार केल्यावर, आणि इव्हिल ट्विनची चोरी पोर्टलवरच उरकलेली असते.

फोनवाल्यांसाठी एक गोष्ट. अँड्रॉइड १० पासून साध्या ॲप्सना फोनचं एआरपी टेबल वाचायचा नेहमीचा रस्ता बंद झालाय, त्यामुळे "एआरपी हल्ला पकडतो" म्हणणाऱ्या ॲपच्या हिरव्या टिकवर विसंबून बँकेचं ॲप उघडू नका. तेवढ्यापुरतं वायफाय बंद करून मोबाईल डेटा वापरा, तिथे हे दोन्ही प्रकार चालत नाहीत.