त्वचेचा क्षय : ‘आधी औषध, मग निदान’ या पद्धतीची पार्श्वभूमी

क्षयाचा जंतू १८८२ मध्ये सापडला आणि चेहऱ्यावर वर्षानुवर्षे पसरत जाणारा ल्युपस व्हल्गॅरिस हा त्वचारोगही क्षयच, हे पुढे मान्य झाले. उपचार मात्र चाचपडतच चालले. १८९० च्या दशकात डेन्मार्कमध्ये प्रकाशोपचार सुरू झाले. पाण्याने गार ठेवलेले भिंग चट्ट्यावर दाबून धरत, म्हणजे तिथले रक्त सरून प्रकाश आत उतरे. १९०३ चे वैद्यकाचे नोबेल त्यालाच मिळाले. १९४० च्या दशकात ड जीवनसत्त्वाचे मोठे डोस देऊन झाले. १९५२ मध्ये आयसोनियाझिड हे क्षयाचे औषध आले आणि हे सगळे मागे पडले.

औषध सापडले, निदान अडूनच राहिले. ल्युपसच्या चट्ट्यावर काचेची पट्टी दाबली की लाली जाते आणि पिवळट-तपकिरी ठिपके उरतात. पण सार्कॉइडोसिस या क्षय नसलेल्या आजारातही तेच दिसते. जंतू इतके विरळ असतात की बायोप्सीत (त्वचेचा तुकडा काढून केलेल्या तपासणीत) बहुधा सापडत नाहीत आणि सहा-आठ आठवडे थांबूनही कल्चर (प्रयोगशाळेत जंतू वाढवून पाहणे) अनेकदा कोरे येते. गाठ फुटून वाहणाऱ्या गंडमाळेत जंतू त्या मानाने लवकर मिळतात, पण प्रत्येक रुग्ण इतका सोयीचा नसतो.

म्हणून वेगळीच वाट रुळली. संशय दाट असेल तर क्षयाची औषधे पूर्ण मात्रेत सुरू करायची आणि पाच-सहा आठवड्यांत चट्टा ओसरू लागला तर क्षय धरून कोर्स पुरा करायचा. वाद आहे तो इथेच. या औषधांतले रिफॅम्पिसिन कुष्ठरोगाच्या जंतूलाही मारते. कुष्ठरोगाचा चट्टा त्याने सुधारला तर चुकीचे निदानच पक्के होऊन बसते. क्षयाशी जोडल्या जाणाऱ्या एरिथेमा इंड्युरेटम या विकाराच्या पोटरीवरच्या गाठी थंडीत उठतात आणि पुष्कळदा आपोआपही बसतात, मग श्रेय गोळ्यांना कसे द्यायचे? १९९० च्या दशकात पीसीआर या डीएनए शोधणाऱ्या चाचणीने अशा काही गाठींत क्षयजंतूचा डीएनए दाखवला, तरी विरोधकांचे समाधान झाले नाही. डीएनए मिळाला म्हणून जंतू जिवंत होता असे होत नाही, हा त्यांचा मुद्दा रास्तच आहे.

तरी ही पद्धत मोडीत काढा म्हणणाऱ्यांकडे तितकाच हाताशी असलेला पर्याय नाही. आधी बायोप्सी झालेली हवी, एवढी अट मात्र सोडता येत नाही. नुसते डोळ्यांनी पाहून गोळ्या लिहून देणे हा निव्वळ आळस. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाने आता उलटी अडचणही उभी केली आहे : सहा आठवड्यांत चट्टा हलला नाही, तरी क्षय नाहीच असे छातीठोक म्हणता येत नाही.