खानदेशातील शहरवाढ

खानदेशातील शहरवाढ : तापीच्या खोऱ्यातील जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांत शेतीवर पोट असलेली माणसे शहरांकडे सरकण्याची आणि शहरे आजूबाजूच्या शिवारावर पसरण्याची प्रक्रिया. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्राची सुमारे 45 टक्के लोकसंख्या नागरी होती. जळगाव जिल्ह्यात हे प्रमाण 32 टक्क्यांच्या आसपास, धुळ्यात 28 आणि नंदुरबारमध्ये 17 टक्क्यांच्या घरात होते. या आकड्यांवरून खानदेशात शहरवाढ मंद आहे असे वाटते, पण ते अर्धेच चित्र आहे. इथून गाव सोडणाऱ्यांपैकी मोठा वर्ग सुरत, पुणे, नाशिक, मुंबईला जातो. त्यांची नोंद त्या शहरांच्या लोकसंख्येत होते आणि त्यांनी सोडलेली शेती मात्र इथे राहते.

आशिया आणि आफ्रिकेतील विकसनशील देशांत शहरे तीन वाटांनी वाढतात : शहरातच होणारे जन्म, खेड्यांतून होणारे स्थलांतर आणि जवळची गावे हद्दीत घेणे. युरोपात एकोणिसाव्या शतकात कारखाने आले आणि त्यांच्यामागे माणसे आली. विकसनशील देशांत पुष्कळ ठिकाणी हा क्रम उलटा आहे. माणसे आधी येतात आणि काम मिळेल त्या कोपऱ्यात शोधतात. चर्चा महानगरांचीच होते, पण जगातील जवळजवळ निम्मी नागरी लोकसंख्या पाच लाखांहून लहान शहरांत राहते. 2011 मध्ये जळगाव (4.60 लाख) आणि धुळे (3.75 लाख) ही याच गटातील शहरे होती. अशा शहरांची वाढ मोठी असते आणि ती पेलणारी यंत्रणा तोकडी असते.

खानदेशातील आजच्या शहरांची घडण प्रामुख्याने इंग्रजी अमदानीतली आहे. मोगलांच्या खानदेश सुभ्याचे मुख्य ठिकाण बऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात आहे. 1818 नंतर इंग्रजांनी पांझरेकाठच्या धुळ्यात जिल्ह्याचा कारभार आणला आणि कॅप्टन ब्रिग्ज यांनी तिथे सरळ रस्त्यांची नवी पेठ आखली. पुढे रेल्वे आली. भुसावळ जंक्शन तिच्यामुळेच उभे राहिले, जळगाव कापसाच्या बाजारामुळे मोठे झाले आणि तापी खोऱ्यातील लोहमार्गाने अमळनेर सुरतेशी जोडले गेले. जिनिंग-प्रेसिंग (कापसातून सरकी काढून गाठी बांधणे), कापडगिरण्या, तेलघाण्या या उद्योगांनी पहिली कामगारवस्ती उभी केली. अमळनेरची प्रताप मिल आणि जळगावची खानदेश मिल गेल्या शतकाच्या उत्तरार्धात बंद पडल्या. अमळनेरात 1945 मध्ये वनस्पती तुपाचा कारखाना काढणारी विप्रो पुढे बंगळूरची कंपनी म्हणून ओळखली जाऊ लागली. गिरण्या गेल्यावर त्या प्रमाणात रोजगार देणारे दुसरे काही इथे आले नाही. जळगावची औद्योगिक वसाहत, डाळ मिल, प्लॅस्टिक पाइप आणि चटईचे कारखाने, सोन्याची बाजारपेठ, भुसावळची रेल्वे, दीपनगरचे वीज केंद्र आणि आयुध कारखाने यांवर आजचा नागरी रोजगार बराचसा उभा आहे.

गाव सुटण्याचे मुख्य कारण शेतात आहे. रावेर-यावलची केळी बागायत सोडली तर खानदेशाचा मोठा भाग कोरडवाहू आहे. पारोळा, अमळनेर, शिंदखेडा भागांत कापूस पावसाच्या भरवशावर. खातेफोड होत होत चार-पाच एकरांवर आलेल्या जमिनीत दोन भावांचे घर चालत नाही, मग एक भाऊ थांबतो आणि दुसरा निघतो. अमळनेर तालुक्यातील पाडळसरे येथील निम्न तापी हा धरण प्रकल्प दोन दशकांहून अधिक काळ रेंगाळला. तापी दारावरून वाहत असताना तिचे पाणी शिवारापर्यंत पोचले नाही, हे या भागातल्या स्थलांतराचे एक मोठे आणि टाळता आले असते असे कारण आहे. दुसरे कारण शिक्षणाचे. मुलांच्या शाळा-क्लासेससाठी तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी खोली घेऊन राहणारी, शेती बटाईने देणारी कुटुंबे आता सर्वत्र दिसतात.

या प्रवाहाचे सर्वांत मोठे मुक्कामाचे ठिकाण सुरत आहे. कापड आणि हिऱ्याच्या धंद्याने सुरतेला माणसे हवी होती आणि खानदेशातून थेट रेल्वे होती. उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत आज अहिराणी सर्रास ऐकू येते. तिथे खानदेशींच्या शाळा, मंडळे, भाऊबंदकी आणि लग्नाचे व्यवहारही आहेत. माणूस आधी काकाकडे किंवा मेहुण्याकडे उतरतो, काम लागले की स्वतःची खोली करतो, मग गावातल्या पुढच्या पोराला बोलावतो. ही साखळीच शहराची खरी भरती यंत्रणा आहे. सातपुड्यातील भिल्ल आणि पावरा कुटुंबांचे स्थलांतर वेगळे. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेऊन ती दक्षिण गुजरातेत ऊसतोडीला जातात आणि हंगाम संपला की परततात. कारखान्याच्या गावी त्यांचे नाव कुठल्या यादीत नसते, आणि पोरांचे शाळेचे वर्ष अर्ध्यावर तुटते.

खानदेशातील शहरांत सर्वाधिक ताण जळगावने सोसला. 1991 मध्ये सुमारे 2.42 लाखांचे हे शहर वीस वर्षांत जवळजवळ दुप्पट झाले. जळगाव आणि धुळे या दोन्ही नगरपालिकांना 2003 मध्ये महानगरपालिकेचा दर्जा मिळाला. त्याउलट भुसावळ 2001 ते 2011 या दशकात फारसे वाढले नाही.

वाढीचा नेहमीचा क्रम असा : शेतमालक शहरालगतच्या जमिनीचे प्लॉट पाडतो, कधी एनए (बिगरशेती परवानगी) करून तर कधी नुसत्या गुंठेवारीने, म्हणजे परवानगीशिवाय लहान तुकडे विकून. घरे होतात, कॉलनीचा फलक लागतो, आणि रस्ता, गटार, जलवाहिनी यांची मागणी त्यानंतर सुरू होते. धुळ्याच्या हद्दवाढीत आलेल्या वलवाडी, महिंदळे, अवधान या भागांना हा अनुभव नवा नाही. सुविधा आधी आणि घरे नंतर असा नियम कागदावर आहे. अंमल होत नाही, कारण प्लॉट विकणाऱ्यालाही घाई असते आणि घेणाऱ्यालाही. भूमिगत गटारे नसलेल्या वसाहतींत सेप्टिक टँकचे पाणी जमिनीत मुरते आणि त्याच जमिनीत प्रत्येकाची बोअर असते. हा धोका नळाच्या टंचाईइतका दिसत नाही, म्हणून त्याच्यासाठी मोर्चे निघत नाहीत.

पाणी हा तर रोजचा प्रश्न. पूर्वी गिरणेवर अवलंबून असलेले जळगाव आता वाघूर धरणावर आहे. धुळ्याला नकाणे व डेडरगाव तलाव, तापीवरून आणलेली जलवाहिनी आणि अक्कलपाडा प्रकल्प असे अनेक स्रोत असूनही नळाला आठ-आठ दिवस पाणी न येण्याचे दिवस या शहराने पाहिले. अडचण साठ्यापेक्षा वाटपाची अधिक आहे : जुन्या फुटक्या वाहिन्या, कमी पडणाऱ्या टाक्या, वाढलेल्या वस्तीला न पुरणारा दाब. आठवड्याचे पाणी भरून ठेवायला ज्याच्याकडे टाकी आहे त्याचे निभते. एका खोलीत राहणाऱ्याचे हाल होतात, आणि साठवलेल्या पाण्यात डेंगीचे डास वाढतात. मे महिन्यात पारा 45 अंशांपुढे जातो, तेव्हा पत्र्याच्या घरांत दुपार काढणे कठीण असते.

जळगावात महामार्ग शहराच्या मधून गेला. पिंप्राळ्यासारख्या भागांतून रोज तो ओलांडणाऱ्यांचे अपघात होत राहिले आणि समांतर रस्त्यांसाठी नागरिकांना आंदोलने करावी लागली.

1992 च्या 74 व्या घटनादुरुस्तीने नियोजनाची जबाबदारी शहरांच्या हाती सोपवण्याची वाट खुली केली. पैसा मात्र त्या प्रमाणात आला नाही. शहरात येणाऱ्या मालावरची जकात गेली, तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था कर 2015 मध्ये बहुतांश व्यापाऱ्यांसाठी रद्द झाला, आणि मध्यम शहरे घरपट्टी व शासकीय अनुदानावर येऊन ठेपली. त्यात 2021 ची जनगणना लांबणीवर पडल्याने पाणी, शाळा, दवाखाने यांचे हिशेब वर्षानुवर्षे 2011 च्या लोकसंख्येवरच मांडले गेले. त्या आकड्यांनंतर वसलेल्या शेकडो गल्ल्यांना बसलेला फटका मोठा आहे. शिरपूर, शहादा, दोंडाईचा, चोपडा या नगरपालिकांच्या गावांतही आता शिवारात प्लॉट पडत आहेत. तिथे मोकळी जमीन अजून शिल्लक आहे, त्यामुळे रस्ते आणि गटारांची आखणी घरांच्या आधी करणे तिथे शक्य आहे.