यादीत नसलेला धर्म: अमेरिकी शिक्षणसंस्थांतील ज्यूद्वेष आणि कायदा

ऑक्टोबर २०२३ मध्ये हमासने इस्रायलवर केलेल्या हल्ल्यानंतर अमेरिकेतल्या विद्यापीठांमधला ज्यूद्वेष जगभर बातमीचा विषय झाला. कायद्यातला पेच मात्र १९६४ पासूनचा आहे. त्या वर्षीच्या नागरी हक्क कायद्याच्या सहाव्या प्रकरणानुसार, केंद्राचा निधी घेणाऱ्या संस्थेला वंश, वर्ण किंवा मूळ राष्ट्रीयत्व यांवरून भेदभाव करता येत नाही. या यादीत धर्म नाही. त्यामुळे ज्यू विद्यार्थ्याने छळाची तक्रार केली, की ती या कायद्यात बसते का, इथूनच वाद सुरू व्हायचा. हार्वर्डचे अध्यक्ष लॉवेल यांनी १९२२ मध्ये ज्या समाजाच्या मुलांच्या प्रवेशावर मर्यादा घालण्याचा प्रस्ताव मांडला होता, त्याच समाजाला हे ऐकावं लागणं अन्यायाचंच होतं.

वाट हळूहळू निघाली. १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १८६६ च्या नागरी हक्क कायद्यापुरतं ज्यूंना वंश मानलं. २००४ मध्ये शिक्षण खात्याच्या नागरी हक्क कार्यालयाने स्पष्ट केलं, की ज्यू, शीख, अरब मुस्लिम यांच्यासारख्या, धर्मासोबत वांशिक ओळखही असणाऱ्या विद्यार्थ्यांना हे संरक्षण आहे. २०१० च्या परिपत्रकाने त्याला दुजोरा दिला.

मग प्रश्न आला ज्यूद्वेषाच्या व्याख्येचा. आंतरराष्ट्रीय होलोकॉस्ट स्मरण आघाडीने २०१६ मध्ये स्वीकारलेल्या व्याख्येसोबत ११ उदाहरणं आहेत आणि त्यांतली बरीच इस्रायलशी निगडित आहेत. ट्रम्प यांनी डिसेंबर २०१९ च्या आदेशात तिचा आधार घेतला. पण या व्याख्येच्या मूळ मसुद्याचे प्रमुख लेखक केनेथ स्टर्न यांचाच याला विरोध आहे. हा मसुदा युरोपात घटनांची नोंद ठेवण्यासाठी होता, विद्यापीठातल्या भाषणावर अंकुश ठेवण्यासाठी नाही, असं ते सांगत आले आहेत. मला त्यांचं म्हणणं पटतं. मात्र ते पुढे करून ज्यू विद्यार्थ्यांना होणारी मारहाण, धमक्या, अडवणूक यांकडे डोळेझाक करणं अक्षम्य आहे.

मे २०२४ मध्ये प्रतिनिधिगृहाने ही व्याख्या कायद्यात आणणारं विधेयक ३२० विरुद्ध ९१ मतांनी मंजूर केलं. सिनेटने केलं नाही. राज्यांनी आपापला मार्ग धरला. फ्लोरिडाने २०१९ मध्येच सरकारी शाळा आणि विद्यापीठांसाठी कायदा केला होता. कॅलिफोर्नियाने ऑक्टोबर २०२५ मध्ये शाळांसाठी ज्यूद्वेष प्रतिबंध समन्वयकाचं पद निर्माण केलं; ज्यूद्वेष म्हणजे काय, याची व्याख्या मात्र त्या कायद्यात दिलेली नाही.