रापलेल्या कातडीची गोष्ट: दवाखान्यापासून बंदीपर्यंत

'रापणं' हा मराठीत कष्टाचा शब्द. शेतात, होडीवर, बांधकामावर जो राबतो तो रापतो. विसाव्या शतकापर्यंत युरोपातही हाच हिशेब होता. खानदानी बायका छत्रीशिवाय उन्हात जात नसत, आणि त्याही आधीच्या काळात चेहऱ्याला शिशाचा विषारी सफेदा फासत. पुढे कामकरी माणूस शेतातून कारखान्यात गेला आणि फिकट पडला. गोरेपणाचा तोरा तिथेच उतरू लागला.

उन्हाला मान मात्र आधी दवाखान्यात मिळाला. त्वचेचा क्षय विजेच्या दिव्याच्या झोतानं बरा करणाऱ्या डेन्मार्कच्या नील्स फिन्सेनना १९०३ चं वैद्यकाचं नोबेल मिळालं. त्याच वर्षी ऑग्युस्त रोलिए यांनी स्वित्झर्लंडमध्ये डोंगरावर क्षयरोग्यांसाठी सूर्यस्नानाचा दवाखाना काढला. गच्चीत ओळीनं खाटा. पहिल्या दिवशी फक्त पावलं उघडी, तीही पाचेक मिनिटं. मग रोज थोडंथोडं वर, पोटऱ्या, मांड्या, पोट. प्रतिजैविकं नव्हती, त्यामुळे रापलेला रोगी म्हणजे सुधारलेला रोगी असं समीकरण बसलं.

फ्रेंच फॅशन डिझायनर कोको शानेल १९२३ मध्ये रिव्हिएराहून, म्हणजे फ्रान्सच्या भूमध्य किनाऱ्यावरून, रापून आली आणि फॅशन सुरू झाली, असं सांगतात. गोष्ट जरा जास्तच सोयीची आहे. १९३६ मध्ये फ्रेंच कामगारांना दोन आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली, ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. समुद्रकिनारे भरले, आणि राप म्हणजे 'आम्ही सुट्टीवर जाऊन आलो' याची पावती झाली.

या पावतीची किंमत कातडीच्या आत चुकवली जाते. अतिनील किरणांनी पेशींतल्या डीएनएला इजा झाली की बचावासाठी मेलानिन, म्हणजे कातडीला रंग देणारं द्रव्य, वाढतं. म्हणजे राप ही तब्येतीची नव्हे, इजेची खूण. १९७० च्या दशकात जर्मनीच्या फ्रीडरिश वोल्फनं रापण्यासाठी झोपायचे, अतिनील किरण सोडणाऱ्या नळ्यांचे पलंग बाजारात आणले आणि ही इजा बारमाही, पैसे मोजून मिळू लागली.

मेलबर्नच्या क्लेअर ऑलिव्हरनं असे पलंग वापरले होते. २००७ मध्ये, सव्विसाव्या वर्षी, ती मेलानोमानं, म्हणजे त्वचेच्या कर्करोगानं, गेली. शेवटच्या दिवसांतही ती या पलंगांविरुद्ध जाहीरपणे बोलत होती. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं हे पलंग तंबाखूच्याच गटात, म्हणजे नक्की कर्करोग करणाऱ्या गोष्टींत टाकले. ब्राझीलनं त्याच वर्षी बंदी घातली, ऑस्ट्रेलियातल्या बहुतेक राज्यांनी २०१५ पासून. जर्मनीत, जिथे ते जन्मले, तिथे बंदी आहे ती फक्त अठरा वर्षांखालच्यांना.