जुन्या एमजीबीला आधी ब्रेक, मग शॉकअप

मुंबईत जुनी स्पोर्ट्स कार हौसेने सांभाळणाऱ्यांमध्ये एक वाद कायम चालतो: हातात पैसे आले की आधी ब्रेक बदलायचे की सस्पेन्शन, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप? उत्तर हवं असेल तर गाडी कशी घडली ते पाहावं लागतं. एमजी कंपनीच्या एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचंच बघा.

चाकाबरोबर फिरणारी चकती दोन्ही बाजूंनी दाबून धरणाऱ्या डिस्क ब्रेकचं पेटंट फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ मध्येच घेतलं होतं. १९५३ ची फ्रान्समधली ल मांची २४ तासांची शर्यत जॅग्वार सी-टाइपने डनलॉपच्या डिस्कवर जिंकली, तेव्हा कुठे जगाला त्याचं महत्त्व पटलं. जुन्या पद्धतीच्या ब्रेकमधला ड्रम, म्हणजे चाकाबरोबर फिरणारं गोल भांडं, तापला की फुगतो, आतून घासणाऱ्या लायनरपासून लांब जातो आणि पेडल खोल जायला लागतं. डिस्क उघडी असते, वाऱ्याने लवकर निवते. १९५६ मध्ये ट्रायम्फ टीआर३ ला पुढे डिस्क आल्या. १९६२ ची एमजीबी तर जन्मली तीच पुढे डिस्क आणि मागे ड्रम घेऊन. म्हणून मोठ्या डिस्कवर खर्च करायची घाई नको.

खरी उणीव वेगळी आहे. सुरुवातीच्या गाड्यांत चारही चाकांना मिळून एकच सर्किट, म्हणजे ब्रेक ऑइलच्या पाइपांची एकच जोडणी होती. एक पाइप फुटला की सगळेच ब्रेक गेले. अमेरिकेत जाणाऱ्या गाड्यांना १९६८ च्या मॉडेलपासून दुहेरी सर्किट मिळालं. माझ्या मते पहिला खर्च यावरच व्हावा. दुसरा, अगदी किरकोळ खर्च ब्रेक ऑइलचा. ते हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ दर्जाचं ऑइल कोरडं असताना किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये, पण ओलावा धरल्यावर हीच मर्यादा १५५ वर येते. मुंबईचा पावसाळा काढून बोरघाट उतरताना हा फरक जिवावर बेतू शकतो.

सस्पेन्शनचा आराखडा मात्र गाडीहून जुना. पुढची कॉइल स्प्रिंगची रचना अभियंते अॅलेक इसिगोनिस यांच्या कामातून आलेली, ती एमजीच्याच १९४७ च्या वाय-टाइपमध्येही होती. तिच्यात लीव्हर शॉकअपचा दांडाच वरच्या विशबोनचं, म्हणजे चाक वरून धरणाऱ्या आडव्या दांड्याचं काम करतो. म्हणून तिथे आजचा नळीचा शॉकअप सरळ बसत नाही, वेगळी जोडणी लागते. जुना शॉकअप काढून दांडा हाताने वरखाली करून बघा. विरोध न करता खाली पडला, तर आतलं तेल गेलं. सील बदलून तो पुन्हा उभा राहतो, आणि शहरात तेवढं पुरतं. मागे साधे पाटे, म्हणजे लीफ स्प्रिंग. त्यांच्या टोकांचे रबरी बूश वाळले असतील तर नवा शॉकअप लावूनही गाडी डोलणारच.

१९७४ च्या अखेरीस अमेरिकी नियमांसाठी कंपनीने रबरी बंपर लावले आणि गाडी उंच केली. ती वळणावर जास्त झुकू लागली, म्हणून इंग्लंडमध्ये ती खाली बसवणारे किट चालले. आपल्याकडे त्याची नक्कल करू नये. स्पीडब्रेकर आणि उखडलेले पेव्हर ब्लॉक यांवर सायलेन्सर आधी आपटतो. पुढे जाड अँटी-रोल बार, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांचं सस्पेन्शन जोडणारी लोखंडी सळई, लावून झुकणं आवरता येतं, उंचीला हात लावावा लागत नाही.

आणखी एक. २०२१ च्या केंद्रीय नियमांनी ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या गाड्यांना विंटेज नोंदणी दिली. चॅसिस, बॉडी शेल आणि इंजिनात मोठा फेरफार त्यात चालत नाही. तेव्हा वेल्डिंग मागणारं किट टाळा, बोल्टने बसेल तेच घ्या आणि काढलेला मूळ भाग भंगारात देऊ नका.