राता आणि लाका: माओरी व हवाईयन पुराणकथांची तुलना

न्यूझीलंडच्या मूळ रहिवासी माओरी लोकांच्या एका कथेत राता नावाचा तरुण होडी करण्यासाठी रानातला मोठा वृक्ष तोडतो. त्याआधी वनदेव ताने याची प्रार्थना करायची असते, ती तो करत नाही. दुसऱ्या दिवशी येऊन पाहतो तो वृक्ष जागच्या जागी उभा, कारण रानातल्या पाखरांनी आणि किड्यांनी एकेक ढलपी उचलून खोड पुन्हा सांधलेले असते. हवाई बेटांवर याच तरुणाचे नाव लाका आहे. त्याचेही झाड रात्रीतून उभे राहते; मात्र तिथे हे काम मेनेहुने नावाचे बुटके लोक करतात, आणि लाका खड्ड्यात दबा धरून त्यांच्यापैकी दोघांना पकडतो, तेव्हा ते त्याला होडी करून द्यायचे कबूल करतात. राताच्या बापाचे नाव वाहिएरोआ आणि लाकाच्या बापाचे वाहिएलोआ.

एवढे साम्य योगायोगाने येत नाही. हवाई आणि न्यूझीलंड यांच्यामध्ये सुमारे ७,००० किलोमीटरचा समुद्र असला, तरी दोन्हीकडे प्रथम वस्ती करणारे दर्यावर्दी प्रशांत महासागरातल्या पूर्व पॉलिनेशियाच्या बेटांवरून निघाले होते. ते हवाईला साधारण इ. स. १००० ते १२०० च्या दरम्यान पोहोचले आणि न्यूझीलंडला १३व्या शतकाच्या सुमारास. त्यांच्याबरोबर देवही गेले. माओरींचे ताने, तू, रोंगो आणि तांगारोआ हवाईत काने, कू, लोनो आणि कानालोआ या नावांनी भेटतात. माओरीतल्या ‘त’च्या जागी ‘क’ आणि ‘र’च्या जागी ‘ल’ हा बदल दोन्ही भाषांत सर्वत्र नेमाने दिसतो.

मला मात्र या कथांमधले फरक अधिक बोलके वाटतात. माओरी कथेत आकाशपिता रांगी आणि भूमाता पापा एकमेकांना घट्ट बिलगून असल्यामुळे त्यांची मुले अंधारात कोंडलेली असतात. शेवटी ताने जमिनीवर उताणा पडून पायांनी बापाला वर रेटतो, आणि जगात उजेड येतो. आभाळाला टेकू द्यावा तशी कौरी वृक्षांची प्रचंड खोडे ज्यांनी रोज पाहिली, त्यांनी हे काम अरण्याच्या देवाकडेच सोपवावे, हे समजण्यासारखे आहे. हवाईत पापाचा जोडीदार वाकेआ आहे आणि तिथे कथेचे मन शेतीत गुंतलेले दिसते. वाकेआला आपली मुलगी होओहोकूकालानी हिच्यापासून झालेले पहिले मूल मृत जन्मते. त्याला पुरतात तिथे अळूचे रोप उगवते, आणि पाठचा हालोआ माणसांचा पूर्वज ठरतो. म्हणजे अळू हा माणसाचा थोरला भाऊ. आपण ज्याच्या पानांची वडी करतो तेच हे अळू, पण हवाईत त्याचा कंद शिजवून, कुटून पोई करतात आणि तेच तिथले मुख्य अन्न होते. न्यूझीलंडच्या थंडीत अळू फारसे येत नसे. तिथे रताळ्याला मान मिळाला आणि रोंगो त्याचा देव झाला.

अग्नीच्या कथा तर थेट भूगोलाला भिडतात. हवाईची ज्वालामुखीदेवी पेले वायव्येकडच्या काउआई बेटापासून खड्डे खणत, एकेक बेट मागे टाकत आग्नेयेला सरकते आणि अखेरीस किलाउएया पर्वतावर वस्ती करते. भूविज्ञानानुसारही काउआई सुमारे ५० लाख वर्षांचे आहे आणि किलाउएया ज्यावर आहे ते बेट १० लाख वर्षांहून कमी वयाचे. बेटे ज्या क्रमाने तयार झाली, त्याच क्रमाने पेले फिरते. झिजलेल्या जुन्या आणि अजून धगधगणाऱ्या नव्या डोंगरांमधला फरक हवाईच्या लोकांनी नीट टिपला होता, असे मला यावरून वाटते.

माओरींच्या कथेत टोंगारिरो पर्वतावर गारठून मरू घातलेला पुरोहित न्गातोरोइरांगी हवाइकी या पूर्वजांच्या दूरच्या मूळ भूमीतल्या आपल्या बहिणींना हाक मारतो, आणि त्या पाठवतात तो अग्नी जमिनीखालून फाकारी बेटाजवळ व रोटोरुआच्या परिसरात वर येत येत त्याच्यापर्यंत पोहोचतो. कथेतली ही सगळी ठिकाणे आजच्या भूवैज्ञानिक नकाशावर ताउपो या एकाच ज्वालामुखी पट्ट्यात येतात.