काळी जमीन : नागपूर परिसरातील मृदावर्णन

काळी जमीन म्हणजे चिकणमातीचे प्रमाण भरपूर असलेली, पाणी प्यायली की फुगणारी आणि वाळली की भेगाळणारी गडद रंगाची मृदा. रेगूर, कापसाची काळी माती ही तिची इतर नावे. मृदाशास्त्राच्या वर्गीकरणात तिच्यातल्या खोल व भारी प्रकाराला व्हर्टिसॉल म्हणतात. नागपूर जिल्ह्याच्या पश्चिम व मध्य भागात, म्हणजे काटोल, नरखेड, कळमेश्वर, सावनेर, हिंगणा या पट्ट्यात ती मोठ्या प्रमाणावर आहे. तिथली कपाशी, तूर, सोयाबीन आणि संत्र्याचे बगीचे तिच्यावरच उभे आहेत. १९७६ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरो ही संस्था नागपुरात असल्यामुळे या जमिनीचा अभ्यासही येथे बारकाईने झाला आहे.

एकाच शिवारात, एकाच रंगाच्या दोन वावरांत एकच पीक सारखे येत नाही, हा इथला रोजचा अनुभव आहे. त्याचे उत्तर रंगात सापडत नाही आणि एकट्या तपासणी अहवालातही सापडत नाही. प्रयोगशाळेतले आकडे, पाऊस व तापमानाच्या नोंदी आणि वावराची उतारावरची जागा या तिन्ही गोष्टी एकमेकींशी ताडून पाहिल्या, तरच जमिनीचे वर्णन पुरे होते.

भूरूप आणि जुनी प्रतवारी

नागपूर शहर दोन खडकांच्या सीमेवर वसले आहे. सीताबर्डी आणि सेमिनरी हिल्स या टेकड्या दक्खनच्या बेसॉल्टच्या. त्यांच्या पूर्वेला जुना नाइस खडक लागतो. जिल्ह्याच्या पूर्व भागात तांबूस, रेताड जमिनी आणि भाताची बांध्यांची शेती दिसू लागते ती मुख्यतः यामुळे. पश्चिमेचा बेसॉल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि लोह भरपूर, म्हणून तो कुजला की बारीक चिकणमाती देतो.

पण त्या बेसॉल्टवरही सगळीकडे काळी जमीन नाही. टेकडीच्या माथ्यावर एक वीत माती आणि खाली मुरूम. उतारावर माती हात-दीड हात खोल होते, रंग तपकिरीकडून काळसर होत जातो. पायथ्याला आणि नाल्याच्या खोऱ्यात, जिथे ढाळ १ ते ३ टक्क्यांवर येतो, तिथे दीड मीटर खणले तरी काळी माती संपत नाही. माथ्यावरचा बारीक कण पावसाबरोबर खाली उतरतो. वरची जमीन उथळ राहते, खालची वाढत जाते. कॅल्शियम आणि मॅग्नेशियमही याच वाटेने खाली साचतात.

ब्रिटिश काळातल्या मध्य प्रांताच्या जमीनबंदोबस्तात वापरलेली प्रतवारी हीच गोष्ट शेतकऱ्याच्या भाषेत सांगते. काळी म्हणजे खोल, भारी. मोरंड म्हणजे चुनखडीचे खडे मिसळलेली काळसर जमीन. खर्डी उथळ व तपकिरी, खाली लगेच दगड. बरडी तांबूस, मुरमाड, माथ्यावरची. कछार नदीकाठची गाळाची. सारा ठरवण्यासाठी केलेली ही विभागणी आजच्या मृदा नकाशांशी बरीच जुळते, कारण ती ठरवणाऱ्यांनी माती, उतार आणि पीक एकत्र पाहिले होते. नव्या सर्वेक्षकाने गावात गेल्यावर आधी ही नावे विचारावीत.

खड्डा

वर्णनाची सुरुवात खड्ड्यापासून होते. सुमारे दीड मीटर खोल खड्डा घेऊन त्याची एक उभी बाजू स्वच्छ तासतात आणि थरांच्या सीमा आखतात. उन्हाळा यासाठी बरा, कारण तेव्हा भेगा उघड्या असतात. वरच्या थरात कडक ढेकळे असतात. साधारण अर्ध्या मीटरच्या खाली गेल्यावर खरी ओळख पटते. तिथे मातीची ढेपळे पाचरीसारखी तिरपी बसलेली असतात, आडव्या रेषेशी १० ते ६० अंशांचा कोन करून. सुरीच्या टोकाने एखादे ढेपळ सुटे केले तर त्याची बाजू पॉलिश केल्यासारखी चमकते आणि तिच्यावर एका दिशेने गेलेले बारीक ओरखडे दिसतात. यांना स्लिकनसाइड म्हणतात. पावसाळ्यात फुगलेल्या मातीला बाजूंना सरकायला जागा नसते, तेव्हा एक तुकडा दुसऱ्यावर घासत वर चढतो. हे ओरखडे त्या घासण्याचे.

व्हर्टिसॉल ठरण्यासाठी तीन अटी लागतात. वरच्या अर्ध्या मीटरपर्यंत चिकणमाती किमान ३० टक्के हवी, पहिल्या मीटरच्या आत स्लिकनसाइडचा किंवा पाचरीच्या ढेपळांचा किमान २५ सेंमी जाडीचा थर हवा, आणि ठरावीक काळाने उघडणाऱ्या-मिटणाऱ्या भेगा हव्यात. काळा रंग या अटींत नाही. तो चिकणमाती आणि ह्यूमस, म्हणजे कुजलेला सेंद्रिय पदार्थ, यांच्या घट्ट संयोगामुळे येतो. रंगावरून जमीन कसदार समजण्याची सवय इथे खूप आहे; प्रत्यक्षात या काळ्याशार मातीत सेंद्रिय कर्ब बहुधा एक टक्क्याच्याही आत असतो.

खड्ड्यातच एक चाचणी करतात. थरावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब सोडायचे. फेस आला की मुक्त चुना आहे. कुठल्या खोलीपासून फेस येतो आणि किती जोरात, हे लिहून ठेवायचे. चुन्याचे खडेही वेगवेगळे असतात. कडक, गुळगुळीत, बाहेरून काळपट खडे बहुतेक जुने, दुसरीकडून वाहत आलेले. मऊ, पांढरी पावडर आणि धागे मात्र जागच्या जागी, आजच्या हवामानात तयार होत आहेत. हा फरक पुढे फार कामाचा ठरतो.

प्रयोगशाळेतले आकडे

नमुना सावलीत वाळवून, लाकडी हातोडीने फोडून, २ मिमीच्या चाळणीतून काढतात. पहिले काम कणांचे वजन ठरवण्याचे. काळ्या जमिनीत इथेच घाई नडते. चुना आणि सेंद्रिय पदार्थ चिकणमातीच्या कणांना चिकटवून ठेवतात, ते आधी काढले नाहीत तर चिकणमाती पोयट्यात किंवा वाळूत मोजली जाते आणि भारी जमीन कागदावर मध्यम होते. कण सुटे केल्यावर ते उंच नळकांड्यात पाण्यात सोडतात आणि ठरावीक वेळाने १० सेंमी खोलीवरून पिपेटने पाणी उचलतात. दोन मायक्रॉनचे कण तिथून खाली जायला पाणी २० अंशांचे असेल तर सुमारे आठ तास लागतात. ३० अंशांना साडेसहा तासांच्या आत. नागपूरच्या एप्रिलमध्ये पाण्याचे तापमान न बघता आठ तासांचे घड्याळ लावले तर उत्तर चुकते.

इथल्या खोल काळ्या जमिनीत चिकणमाती साधारण ५० ते ६५ टक्के निघते. पण टक्केवारी अर्धीच गोष्ट सांगते. चिकणमाती कोणत्या जातीची, हे पुढे पाहावे लागते. त्यासाठी कॅटायन विनिमय क्षमता मोजतात, म्हणजे माती कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम, सोडियम यांसारखे धनभारित आयन किती धरून ठेवू शकते ते. समजा, किलोला ही क्षमता ५४ सेंटिमोल निघाली आणि चिकणमाती ६० टक्के आहे. मग निव्वळ चिकणमातीची क्षमता ५४ भागिले ०.६०, म्हणजे ९० झाली. केओलिनाइट खनिजाची क्षमता १५ च्या वर सहसा जात नाही. ९० चा आकडा स्मेक्टाइटकडे, म्हणजे पाण्याने फुगणाऱ्या चिकणमातीच्या खनिजाकडे, बोट दाखवतो. क्ष-किरण विवर्तनाने याची खात्री होते. स्मेक्टाइटच्या पापुद्र्यांमधले अंतर ग्लायकॉल हे रसायन दिल्यावर १७ अँगस्ट्रॉमपर्यंत वाढते, आणि पोटॅशियम देऊन ५५० अंशांना तापवल्यावर १० वर मिटते. शेतातली भेग आणि यंत्रावर दिसणारे हे बदलते अंतर या एकाच गुणाच्या खुणा आहेत.

सामू (pH) बहुधा ७.८ ते ८.५ च्या दरम्यान येतो. विद्युत वाहकता कमी असते; क्षार ही नागपूरच्या जमिनीची मोठी अडचण नाही. नत्र कमी, स्फुरद कमी ते मध्यम, पालाश भरपूर आणि जस्त अनेक ठिकाणी उणे, असे चित्र असते. अहवालात चुनखडी जास्त असेल तर एक गोष्ट तपासून घ्यावी. नेहमीच्या अमोनियम ॲसिटेटने चुनाही थोडा विरघळतो, त्यामुळे विनिमयक्षम कॅल्शियम खऱ्यापेक्षा जास्त दिसते आणि सर्व आयनांची बेरीज एकूण क्षमतेच्या वर जाते. असा अहवाल हाती आला तर पद्धत विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

हवामानाचे वाचन

नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंचीवर आहे. वार्षिक पाऊस सुमारे १,१०० मिमी, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. पश्चिमेला काटोल-नरखेडकडे तो कमी होतो, पूर्वेला वाढतो. मे महिन्यात कमाल तापमानाची सरासरी ४२ अंशांच्या वर असते. मृदाशास्त्र या नोंदी जमिनीच्या भाषेत मांडते. अर्ध्या मीटर खोलीवरच्या मातीचे वार्षिक सरासरी तापमान २२ अंशांच्या वर आणि उन्हाळा-हिवाळ्यातला फरक ठळक, म्हणून तापमान-स्थिती हायपरथर्मिक. मुळांचा थर वर्षातले एकूण ९० किंवा जास्त दिवस कोरडा, तरी पिकाच्या हंगामात ओला, म्हणून ओलावा-स्थिती उस्टिक. स्मेक्टाइटची अतिभारी चिकणमाती, ही तापमान-स्थिती आणि उस्टिक ओलावा एकत्र आल्यावर इथल्या ठरावीक खोल काळ्या जमिनीला टिपिक हॅप्लुस्टर्ट हे नाव मिळते. काटोल तालुक्यातली लिंगा मृदामालिका, म्हणजे सारख्या थरांच्या जमिनींचा एक गट, अशा खोल काळ्या जमिनींपैकी आहे.

आजच्या पावसात बेसॉल्टपासून इतका स्मेक्टाइट तयार होणे कठीण आहे. तो पूर्वीच्या अधिक ओल्या काळात बनला आणि नंतर खोऱ्यांत साचला, असे संशोधक मानतात. म्हणजे या जमिनीची चिकणमाती एका हवामानाची आणि तिच्यातली मऊ चुनखडी दुसऱ्या, कोरड्या हवामानाची. पाऊस कमी आणि बाष्पीभवन जास्त झाले की कॅल्शियम चुना होऊन खाली बसते, चिकणमातीवरची त्याची जागा सोडियम घेते, कण विखुरतात आणि पाण्याच्या वाटा बुजतात. नागपूरहून अमरावती, तिथून अकोला असे पश्चिमेकडे जाताना पाऊस घटतो आणि खालच्या थरातले सोडियम वाढत जाते. पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे जिथले भूजल खारे आहे त्या भागात, ते टोकाला पोहोचते. चिकणमातीची टक्केवारी मात्र या सगळ्या वाटेवर जवळपास तीच राहते. नुसत्या त्या आकड्यावर दोन्ही जमिनी सारख्या ठरल्या असत्या.

वावरात याचा अर्थ

ओलाव्याचा हिशेब सोपा आहे. एक मीटर खोल काळ्या जमिनीत पिकाला मिळू शकणारे पाणी वजनाने १५ टक्के आणि मातीची घनता १.४ धरली तर साठा २१० मिमी होतो. २५ सेंमी खर्डीत १२ टक्क्यांनी तो ४२ मिमी. ऑगस्टमध्ये पावसाने बारा दिवस दडी मारली आणि पीक रोज ५ मिमी पाणी घेत असेल, तर ६० मिमी लागतात. खर्डीतली पऱ्हाटी त्या आधीच सुकते, खालच्या वावरात काही कळतही नाही. उलट झडीच्या दिवसांत खर्डीला दोन दिवसांत वापसा येतो आणि काळीत आठवडाभर डवरा चालत नाही.

संत्र्याला हे सर्वात जास्त भोवते. आंबिया बहारासाठी, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी येणाऱ्या फुलोऱ्यासाठी, बागेचे पाणी तोडून ताण देतात. हलक्या जमिनीत तो लवकर बसतो, भारी जमिनीत दीड-दोन महिने लागू शकतात, आणि मध्येच हिवाळी पाऊस आला तर ताण मोडतो. निचरा कमी असेल तर फायटोफ्थोरा बुरशीने मुळे कुजतात, बुंध्यावर डिंक्या येतो. चुनखडी वर असेल तर कोवळी पाने शिरा सोडून पिवळी पडतात, कारण लोह असूनही झाडाला मिळत नाही.

२०१५ मध्ये सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेत बारा घटक असतात: सामू, वाहकता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मँगनीज आणि बोरॉन. खताची मात्रा ठरवायला ती उपयोगी आहे. पण तिचा नमुना वरच्या थराचा, आणि तिच्यात जमिनीची खोली, चिकणमाती, चुनखडी, निचरा यांपैकी काहीच नाही. वीस-पंचवीस वर्षे उभ्या राहणाऱ्या बगीच्याचा निर्णय तिच्यावर घेणे धोक्याचे आहे. कलमे आणण्याआधी वावराच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या भागात एकेक खड्डा घ्यावा. पहिल्या मीटरच्या आत चुन्याचा घट्ट थर लागला, किंवा पावसाळ्यात खड्ड्यात पाणी उभे राहिले, तर ती जागा कपाशी-तुरीला ठेवावी. बाकीच्या भारी वावरात उताराच्या दिशेने झाडांच्या ओळींमध्ये चर काढून पाण्याला नाल्याकडे वाट द्यावी.